त्रेपन्न किलो आठशे

“त्रेपन्न,” आण्णा म्हणाले आणि थांबले. फोनवर मला त्यांचा श्वास ऐकू आला. एकदा आत, एकदा बाहेर. मग म्हणाले, “आठशे.”

मी तक्त्यात ५३.८ लिहिलं. डिसेंबरची अठरा तारीख, शुक्रवार, सकाळचे सात चाळीस.

“पाय कसे आहेत?”

“हायत जागेवर.”

“आण्णा, चेष्टा नको. सूज आहे का?”

“म्हाताऱ्याच्या पायाला थोडं कमी, थोडं जास्ती चालायचंच.”

“झोपताना उशा किती घेता?”

“एकबी न्हाई. उशी लागतच न्हाई आता.”

उशांच्या रकान्यात मी शून्य लिहिलं आणि मला बरं वाटलं. हार्ट फेल्युअरच्या माणसाच्या फुप्फुसात पाणी साचू लागलं की त्याला आडवं झोपवत नाही. आधी दोन उशा लागतात, मग तीन. आण्णांचा आकडा उतरत शून्यावर आला होता.

“आणि अक्काताई?”

“तिचं चाललंय. पेज निवली, भरवतो. ठेवू?”

“ठेवा. उद्या याच वेळेला.”

पुढचा नंबर लावायला मी यादीवर बोट फिरवलं. अजून अकरा पेशंट बाकी होते.

मिरजेतल्या ज्या हॉस्पिटलात मी काम करते, तिथं हार्ट फेल्युअरचं वेगळं क्लिनिक सुरू होऊन तेव्हा सात महिने झाले होते. डॉ. मुजावर बंगलोरला शिकून आले होते आणि त्यांनी मला हृदयरोगाच्या वॉर्डातून मागून घेतलं होतं. त्यांची पद्धत सोपी होती. असं हृदय बंद पडलेलं नसतं, ते फक्त पुरेसं रक्त ढकलत नाही, म्हणून अंगात पाणी साचतं. पाणी साचलं की ते पायावर, पोटावर दिसायच्या आधी वजनात दिसतं. तेव्हा प्रत्येक पेशंटला घरी वजनकाटा द्यायचा, त्यानं रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, काट्यावर उभं राहायचं आणि सिस्टरनं फोन करून आकडा घ्यायचा. ती सिस्टर मी. माझं नाव सुवार्ता आवळे. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते.

तवनाप्पा मगदूम, म्हणजे आण्णा, आमचे सर्वांत चोख पेशंट होते. बाकीचे ‘पंचावन्न-छप्पन्न असेल’ म्हणायचे, ‘काट्याचा सेल गेलाय’ म्हणायचे. आण्णा ग्रॅमात बोलायचे. सीमेलगतच्या एका बाजार समितीत त्यांनी एकतीस वर्षं मापाडी म्हणून काढली होती. हळदीची पोती काट्यावर चढायची, आण्णा आकडा पुकारायचे आणि तो आकडा शेतकरी आणि खरेदीदार दोघांनाही मान्य करावा लागायचा.

त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, “सिस्टर, काट्यात कोण फसवत न्हाई. काटा सगळ्यांना दिसतोय. फसवायचं असतंय ते बारदानात. पोत्याचं वजन म्हणून किलो वजा करायचं का दीड, ते मापाड्याच्या तोंडात.”

“मग तुम्ही किती करायचात?”

“पोतं मोकळं करून, झटकून, काट्यावर टाकायचो. जे भरंल ते.”

त्यापायी त्यांची हळदीच्या शेडमधून पेंडीच्या शेडमध्ये बदली झाली होती. हे ते तक्रारीसारखं सांगत नसत. पावसाबद्दल बोलावं तसं सांगत.

नोव्हेंबरच्या पंचवीस तारखेला ते क्लिनिकमध्ये आले होते. आमच्या काट्यावर ५४.६ भरले. मी लिहिणार एवढ्यात म्हणाले, “सातशे बारदान वजा करा की.”

“कसलं बारदान?”

“धोतर, सदरा, टोपी. घरी काट्यावर टाकून बघितलंय. सातशे भरत्यात.”

मी हसले आणि ५३.९ लिहिलं. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी चोपन्नची मर्यादा घातली होती. त्यानंतर फोनवर ते मला सगळं वजा करूनच आकडा सांगत आणि मी तोच लिहीत असे.

त्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, “आणि वाढलं तर?”

“वाढलं तर परत ॲडमिट. या वेळी दहा दिवस.”

“दुसरं कायबी न्हाई?”

“मीठ सोडा, पाणी मोजून प्या. वाढणारच नाही.”

दहा दिवस म्हणजे काय, हे मला माहीत होतं. अक्काताईंना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. मुलगा धन्यकुमार भोसरीला कंपनीत. घरात दोघंच. अक्काताई फक्त आण्णांच्या हातून खात. ऑक्टोबरात आण्णा नऊ दिवस आमच्याकडे होते, तेव्हा त्यांची पुतणी दोन वेळा येऊन भरवायचा प्रयत्न करायची. अक्काताई दात आवळून पडून राहायच्या. आण्णा घरी गेले तेव्हा त्या निम्म्या झाल्या होत्या आणि कुशीवर न वळवल्यामुळं कंबरेखाली तळहाताएवढी जखम झाली होती. ती भरायला महिना लागला. म्हणून आण्णांना पुन्हा ॲडमिट व्हायचं नव्हतं. मी त्यांना त्याच भीतीनं पथ्यावर ठेवलं होतं.

त्या शुक्रवारी नऊच्या सुमाराला क्लिनिकचा फोन वाजला.

“सिस्टर हायती का? मी आरगंहून बोलतीय. मालन. आण्णांच्या शेजारची. भिंतीवर कार्ड होतं, त्यावरनं नंबर घेतला.”

“काय झालं?”

“काय झालं म्हंजे, तुमास्नी म्हाईत असंलच की. पर म्हटलं इचारावं. आण्णा दोन हप्ते झालं खुर्चीवरच झोपत्यात. बसून. आडवं झालं की जीव घाबरा हुतोय. पाय बगा कसं झाल्यात, चप्पल जाईना. मी म्हटलं दवाखान्यात चला, तर म्हणत्यात, सिस्टरना रोज आकडा देतोय, त्यास्नी काळजी हाय.”

मी तक्ता पुढं ओढला. उशा: शून्य.

हॉस्पिटलची जीप दहाला निघाली. अर्ध्या तासात आम्ही आरगेत होतो. पानमळ्यांच्या कडेला पत्र्याचं दोन खोल्यांचं घर. दार उघडंच होतं. आण्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून कॉटवरच्या अक्काताईंना चमच्यानं पाणी पाजत होते. मला पाहून त्यांनी चमचा थांबवला नाही.

“सिस्टर, आज वाट चुकलात?”

“आण्णा, काट्यावर उभे राहा.”

“सकाळी झालंय की.”

“परत राहा.”

पाण्याचा तो चमचा अक्काताईंच्या घशाखाली उतरेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग खुर्चीचे हात धरून उठले. काट्यापर्यंत चार पावलं होती; दोनदा थांबले. धोतराखालचे पाय केळीच्या खुंटासारखे चकचकत होते. काट्यावर आकडा थरथरला आणि स्थिर झाला: ६०.४.

“हे काय आहे?”

“काटा हाय.”

“मला त्रेपन्न आठशे सांगितलंत सकाळी.”

आण्णा खुर्चीत बसले. दम परत येऊ दिला. मग अक्काताईंच्या उशाशी असलेल्या वहीकडे बोट दाखवलं.

शाळेतल्या मुलांची शंभर पानी वही. प्रत्येक पानावर तीन रकाने, पट्टीनं आखलेले. भरलं. बारदान. राहिलं. सव्वीस नोव्हेंबर: ५४.६, ०.७, ५३.९. चार डिसेंबर: ५६.०, २.१, ५३.९. अकरा डिसेंबर: ५८.२, ४.३, ५३.९. शेवटची ओळ आजची, त्याच ठसठशीत अक्षरातली: ६०.४, ६.६, ५३.८. कुठंही खाडाखोड नव्हती.

“सहा किलो सहाशे बारदान? आण्णा, अंगावर काय घालता एवढं?”

दारात उभी राहिलेली मालन म्हणाली, “स्वेटरबी न्हाई त्यांच्याकडं.”

“भरलेला आकडा मी खोटा लिवला न्हाई,” आण्णा म्हणाले. “तपासा. रोजचा खरा हाय. ते मला जमलं नसतं.”

“आणि वजा?”

ते बराच वेळ अक्काताईंच्या पांघरुणाची घडी सारखी करत राहिले.

“वजा मी केलं,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं दुसऱ्यांसाठी केलं न्हाई. आता केलं.”

“का?”

“तुम्ही ॲडमिट केलं असतं न्हवं?”

मी बाहेर अंगणात येऊन डॉ. मुजावरांना फोन लावला. त्यांनी वजन विचारलं, दम विचारला, ओठांचा रंग विचारला. “लगेच आणा,” म्हणाले.

“सर, ते येणार नाहीत. घरी बायको आहे.” मी सगळं सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं. आमच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

“मग तिलाही आणा,” डॉक्टर म्हणाले. “ईसीजीच्या खोलीत दोन कॉट बसतील. मेट्रनशी मी बोलतो.”

सव्वाअकराला मेट्रनचा फोन आला: मशिन हलवलंय, खोली झाली आहे. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली होती.

मी आत जाऊन सांगितलं तेव्हा आण्णांना आधी खरं वाटलं नाही.

“हिला? हिला काय झालंय म्हणून घेणार?”

“काही झालं नाही म्हणून घेणार. तुमच्या शेजारी.”

“बायकांचा वार्ड वेगळा असतोय.”

“ही खोली वेगळी आहे.”

त्यांनी मालनकडे पाहिलं. “खरं बोलत्यात का गं?”

“आता त्यांच्यावर काटा लावता का आण्णा?” मालन म्हणाली. “उठा, मी लुगडी बांधते.”

जीपमध्ये मागं अक्काताईंना आडवं केलं. आण्णा त्यांच्या पायाशी बसले. पूर्ण वाटभर ते फक्त एवढंच म्हणाले, “खड्डं हळू घ्या, तिच्या कंबरंला लागतंय.”

पहिल्या दिवशी शिरेतून औषध दिलं तशी पुष्कळ लघवी झाली. दुसऱ्या सकाळी वजन ५८.९ होतं आणि आण्णांचा चेहरा उजळला होता. ते पलंगावर पाठ टेकून बसले होते, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हातभर अंतरावर अक्काताईंची कॉट. डॉ. मुजावर राउंडला आले. त्यांचा स्वभाव रागावण्याचा नव्हता. त्यांनी पायावर अंगठा दाबून खड्डा पाहिला, वही चाळली आणि स्टूल ओढून बसले.

“आण्णा, चार तारखेला छप्पन्न होतात तुम्ही.”

आण्णांनी मान हलवली.

“छप्पन्नला कळलं असतं ना, तर लघवीची एक गोळी वाढवली असती फक्त. घरच्या घरी. चार दिवसांत पाणी उतरलं असतं. ॲडमिट व्हायचं कामच नव्हतं. ॲडमिट ही शेवटची पायरी. आधीच्या दोन पायऱ्या फोनवरच होतात, म्हणून तर आपण फोन करतो. सिस्टरनी सांगितलं होतं ना तुम्हाला?”

मी पलंगाच्या पायथ्याशी चार्ट घेऊन उभी होते.

ती पायऱ्यांची इंग्रजी पानभर यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली होती. एक: गोळी दुप्पट करा, तीन दिवस पाहा. दोन: दुसरी गोळी जोडा, क्लिनिकला बोलवा. तीन: ॲडमिट. मी पेशंटना तिसरीच पायरी सांगत असे. पहिली सांगितली की लोक लोणचं खातात आणि गोळी वाढवून घेतात, असा माझा अनुभव होता. धाक घातला की मीठ सुटतं. सात महिने मी सगळ्यांना तसंच सांगत आले होते आणि आमचे आकडे चांगले होते.

आण्णांनी मास्क हनुवटीवर ओढला. माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. काट्यावर पोतं स्थिर व्हायला लागतो तेवढाच.

“सांगितलं हुतं,” ते डॉक्टरांना म्हणाले. “माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई.”

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला म्हणाले, “सिस्टर, यापुढं लिहून देत जा.” आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

मी म्हणाले, “हो सर.”

दुपारी अक्काताईंची पेज घेऊन मी खोलीत गेले. दार लोटून घेतलं.

“आण्णा, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

“म्हाईत हाय.”

“मग असं का म्हणालात?”

“तुमाला हितं अजून काम करायचं हाय.” तीन शब्दांनंतर थांबून त्यांनी वाक्य पुरं केलं. “आन् मी तरी कुठं खरं बोललो. वजा तर मीच केलं.”

“मी सरांना सांगते.”

“सांगा, न्हाई तर नका सांगू. ते तुमचं तुमी बघा. आधी हिकडं या. हिला भरवायला शिका.”

“तुम्ही आहात की.”

 आण्णांनी वाटीकडे बोट केलं.

मी अक्काताईंच्या समोर बसले. आण्णा पलंगावरून सांगत गेले. पाठीमागं दोन उशा. मान मागं पडू द्यायची नाही, हनुवटी जरा खाली. तिची डावी बाजू जिवंत आहे, घास डाव्या गालात. अर्धाच चमचा. मग दोन बोटं गळ्याला लावायची. गिळलं की हाताला कळतं. कळल्याशिवाय दुसरा घास नाही. त्या वेळात बोलायचं नाही, नाहीतर ती ऐकायला जाते आणि ठसका लागतो.

अक्काताईंनी दात आवळले.

“थांबा,” आण्णा म्हणाले. “चमचा ओठाला लावून बसून ऱ्हावा. घाई केली की ती वळखती.”

मी बसून राहिले. हाताला रग लागली. त्या दिवशी अक्काताईंनी माझ्यासाठी तोंड उघडलं नाही. शेवटी आण्णांनीच हात लांब करून चार चमचे भरवले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, अक्काताईंनी माझ्या हातून एक चमचा घेतला आणि तो गळ्यातून खाली गेलेला माझ्या बोटांना कळला.

“उतरला?” आण्णांनी विचारलं.

“उतरला.”

“बगा,” ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

त्या संध्याकाळपासून लघवी कमी झाली. मूत्रपिंडं साथ देईनात. औषध वाढवलं तर रक्तदाब उतरे, कमी केलं तर पाणी चढे. डॉ. मुजावरांनी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. माझ्या डोळ्यांसमोर केलं. मंगळवारी त्यांनी धन्यकुमारला फोन करून निघायला सांगितलं. तीन आठवडे आधी हेच औषध चाललं असतं, असं ते एकदा चार्ट बघत स्वतःशीच म्हणाले.

मी तेव्हाही त्यांना काही सांगितलं नाही. नंतरही नाही. ती यादी मी मराठीत उतरवून घेतली, पहिली पायरी सर्वांत वर, मोठ्या अक्षरात. घरी तुमच्यावर कोण अवलंबून आहे, असा एक प्रश्न त्यात घातला. दोन वर्षांनी पुण्याच्या एका परिषदेत डॉक्टरांनी तो कागद पडद्यावर दाखवला आणि माझं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहून नमस्कार केला.

बुधवारी, तेवीस तारखेला, सकाळी सहा दहाला आण्णा गेले. वय अडुसष्ट. त्या दिवशी त्यांची क्लिनिकची तारीख होती. यादीत आठव्या क्रमांकावर नाव होतं.

त्यांना खोलीतून नेताना मी मधला पडदा ओढून घेतला होता. अक्काताई जाग्या होत्या. त्या छताकडे बघत होत्या की पडद्याकडे, ते मला ठरवता आलं नाही. धन्यकुमारची गाडी तेव्हा कराडच्या पुढं आली होती.

आठ वाजता डॉक्टरांनी क्लिनिकचा फॉर्म पुढं केला. मृत्यू झाला की त्याच दिवशी तो भरायचा असे. शेवटचा रकाना होता: पुन्हा दाखल होण्याचं कारण. डॉक्टर थकलेले होते, उभ्यानंच सांगत गेले आणि मी लिहीत गेले. “रुग्णाने घरी वजनाची चुकीची माहिती दिली. सूचना देऊनही.”

‘सूचना देऊनही’ हे शब्द लिहिताना माझा हात थांबला नाही. खाली माझी सही आहे. फाईल अजून आमच्या कपाटात आहे.

साडेआठला स्वयंपाकघरातून पेज आली. खोलीत एकच कॉट उरली होती. दुसरी धुवायला नेली होती आणि फरशीवर तिच्या चार पायांचे ओले ठसे होते. मी हात धुतले. अक्काताईंच्या पाठीमागं दोन उशा लावल्या, हनुवटी खाली केली, अर्धा चमचा भरून डाव्या बाजूनं ओठाला लावला आणि बसून राहिले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.

मी गळ्याला बोटं लावली. घास उतरला. मी दुसरा भरला.

धन्यकुमार सव्वानऊला दारात येऊन उभा राहिला, तेव्हा अक्काताईंनी पूर्ण वाटी संपवली होती.